व्यंकटकाकांचा कडता

आमच्या कुरुंद्यात व्यंकटकाकांना सहसा कुणी "बरं हाय ना काका?" असं विचारत नाही. विचारलं, की ते जागच्या जागी थांबतात, चष्मा सदऱ्याला पुसतात आणि उलट विचारतात, "कोनाच्या मानानं?"

आता याला माणसानं काय उत्तर द्यावं! विचारणारा बिचारा "न्हाई, सहज आपलं" म्हणत काढता पाय घेतो. दुसऱ्याशी तोलून पाहिल्याशिवाय काकांना स्वतःला ताप आलाय की नाही हेही ठरवता येत नाही. गेल्या थंडीत खरंच ताप भरला, तेव्हा मीच त्यांना दवाखान्यात नेलं. नव्या डॉक्टरांनी काखेत थर्मामीटर ठेवलं, आकडा सांगितला, गोळ्या लिहून दिल्या. काका खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "डाक्टर, तुमच्या आदीचे डाक्टर नुसता हात लावून ताप सांगायचे. तुमी बी हुशारच, पन ह्या मशिनीचा कडता कापावा लागंल." डॉक्टर लांबच्या गावचे. ते माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "तापात बोलून राहिलेत." वास्तविक काका अगदी नेहमीसारखे होते.

हळद पिकवणाऱ्याला कडता म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मोंढ्यावर, म्हणजे बाजारात, हळद नेली, की व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर हळद नाकाशी नेतो, तोंड वाकडं करतो आणि ओलाव्यापायी, मातीपायी पोत्यामागं थोडं वजन वजा धरतो. तोच कडता. आमच्याकडच्या शेतकऱ्याचा अर्धा जन्म त्यावर चिडण्यात जातो. काकांचाही गेला. पण चिडता चिडता त्यांना त्यात एक तत्त्वज्ञान सापडलं. जगातला कुठलाही माणूस दिसतो तेवढ्या वजनाचा नसतो. त्याला जे आयतं मिळालं असेल तेवढं कापायचं, जे सोसावं लागलं असेल तेवढं वाढवायचं. मग जो उरेल तो माणूस. हे तत्त्वज्ञान काका जावयांना लावतात, सरपंचांना लावतात, बैलांना लावतात. पण ते मुळात तयार झालं एका प्रश्नासाठी: आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कबड्डी शिकवणारा सगळ्यांत थोर सर कोण?

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली, की शेतकरी ती घेऊन माझ्याकडे येतो आणि तार गुंडाळून होईपर्यंत बाकावर बसून राहतो. त्याला उठून जाता येत नाही. काकांना असा माणूस फार आवडतो. ते शेजारीच राहतात. सकाळी भाकर खाऊन दुकानात येतात, बाकावरच्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवतात आणि सुरू करतात.

त्यांच्या हिशेबात तीन सर आहेत. पहिले थोरले सर. हाती कडुलिंबाची छडी, मुरमाड मैदान, खेळाच्या आधी पोरांनी वाकून खडे वेचायचे. काका स्वतः त्यांच्या हाताखाली खेळले. थोरले सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दुसरे पठाण सर. यांनी छडी ठेवून दिली आणि खडू उचलला. भिंतीवर मैदान काढायचं, सात गोल काढायचे आणि चढाईला आलेल्या गड्याला कसा घेरायचा ते पोरांना समजावून सांगायचं. त्यांच्या काळात कॉलेजच्या कपाटात चषक मावेनात. ते निवृत्त होऊन कळमनुरीला मुलाकडे राहतात. आणि तिसऱ्या आताच्या मॅडम. त्यांचा मुलींचा संघ आहे, खाली मॅट आहे, आणि प्रत्येक पकड मोबाइलवर टिपून त्या मुलींना हळू करून दाखवतात.

"थोरल्या सरांच्या पोरांला घरचं दूध-तूप. कापा," काका बोटांवर मोजत सांगतात. "पन खडे येचून येचून बोटं फुटायची. ते वाढवा. पठान सरांला बूट भेटले, कापा. त्यांच्या वक्ताला गावात टीव्ही आला. पोरं सांजच्याला मैदान सोडून टीव्हीपुढं. ते वाढवा, बराबर हाय का न्हाई? अन् म्याडमला मॅट. मॅटचं लई कापा! त्याच्यावर पडलं तर लागतंय काय? आमी पडलो तर सालटं निघायचं."

बाकावरचा माणूस मुकाट्यानं मान हलवतो. त्याची मोटार माझ्या ताब्यात असते ना!

मला कबड्डीत काही गम्य नाही. मी क्रिकेटवाला. काका त्याबद्दल माझा राग करत नाहीत, कीव करतात. "तुला सर भेटला न्हाई रे दिगांबर," असं ते मला अधूनमधून अशा आवाजात सांगतात, की जणू मला लहानपणी कुणी जेवू घातलं नव्हतं.

एकदा तर त्यांनी थोरल्या सरांचा संघ आणि पठाण सरांचा संघ माझ्याच टेबलावर भिडवला. टाकळीच्या एका शेतकऱ्याची मोटार मी उघडून ठेवली होती. नट म्हणजे थोरल्या सरांची पोरं, वॉशर म्हणजे पठाण सरांची. खडूनं मध्यरेषा मारली. मी कोपऱ्यात तार गुंडाळत होतो, टेबलावर चढाया चालल्या होत्या आणि शेतकरी आपली मोटार विसरून वॉशरच्या बाजूनं ओरडत होता. खेळ संपला, मी मोटार जोडली, बटण दाबलं, तर तिनं असा खडखडाट केला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. पाहतो तर दोन नट कमी! शोधाशोध झाली. शेवटी काकांनी शांतपणे सदऱ्याच्या खिशातून ते काढले. म्हणाले, "हे बाद झाले होते. बाद झालेला गडी मैदानात कसा ठिवावा?"

घरी काकूंपुढे मात्र हे तत्त्वज्ञान चालत नाही. एकदा जेवताना काका म्हणाले होते, "तुझी भाकर बी मायच्या तोडीची हाय गं. फकस्त ग्यासचा थोडा कडता..." काकूंनी पुढचं ऐकून घेतलं नाही. शेगडी बंद केली, परात काकांपुढे सरकवली आणि म्हणाल्या, "चूल मागच्या अंगनात हाय. तुमीच थापा, मंग कापा काय कापायचं ते." त्या दिवशी काकांनी माझ्या दुकानात बसून चिवडा खाल्ला. त्याची तुलना त्यांनी कशाशीच केली नाही.

इतक्या वर्षांत मला दोन गोष्टी खटकत आल्या होत्या. एका गिऱ्हाइकानं सहज विचारलं होतं, "थोरले सर गेल्यावर लगीच पठान सर आले का?" काका म्हणाले, "मधी एक साल जागा खाली होती." एवढं बोलून चपला घातल्या आणि चहा अर्धा टाकून निघून गेले. काका चहा टाकत नाहीत. आणि दुसरं असं, की कबड्डीवर जीव टाकणारा हा माणूस कॉलेजच्या मैदानावर कधी पाऊल ठेवत नसे. वसमतला जाताना मैदान ज्या बाजूला दिसतं, त्याच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीला ते बसायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "ऊन लागतंय तिकडून." तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं.

तर यंदा असं झालं, की कॉलेजात मॅटचा नवा हॉल बांधून झाला आणि त्याला कुठल्या सरांचं नाव द्यायचं यावरून जुन्या खेळाडूंत जुंपली. म्हातारे म्हणत थोरल्या सरांचं, त्यांच्यापेक्षा जरा कमी म्हातारे म्हणत पठाण सरांचं. बोलणी झाली, भांडणं झाली. शेवटी एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत झालं: कुरुंद्याचे व्यंकटराव सांगतील ते मान्य.

निरोप घेऊन मॅडम स्वतः स्कूटीवर आल्या. माझ्या दुकानातच काकांची गाठ पडली. काकांनी त्यांना आधी मॅटचा कडता समजावून सांगितला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, मॅटचं कापा, माझं काही म्हणणं नाही. पण एक सांगा, थोरल्या सरांना कधी पोरांच्या घरी जाऊन आईबापाच्या पाया पडावं लागलं का? 'तुमच्या लेकराला खेळू द्या, पँट घालू द्या, संध्याकाळी मी स्वतः घरी आणून सोडते' म्हणून? एकेका मुलीसाठी मी किती उंबरे झिजवलेत. ते कुठं धरलंत?"

काकांनी चष्मा सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "हे आमच्या ध्यानातच आलं न्हाई. वाढवा. लई वाढवा."

पण कार्यक्रमाला यायचं म्हटल्यावर गाडी अडली. गुडघा दुखतो. हळद वाळत घातलीय. वासरू आजारी आहे. मॅडम हिरमुसून गेल्या. मला कोडं पडलं. ज्या प्रश्नासाठी या माणसानं माझी निम्मी गिऱ्हाइकं पिडली, त्याचा निकाल द्यायला लोक हात जोडून बोलावतायत आणि हा वासराची तब्येत सांगतोय!

संध्याकाळी काकूंनी मला कुंपणापाशी हाक मारली.

"ते येनार न्हाईत म्हनत्यात, पन त्यांला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "काहून येत न्हाईत ते तुला ठाव न्हाई. मधी एक साल खाली होतं म्हनत्यात ना, ते खाली नव्हतं. त्या साली ह्यांनीच पोरांला शिकवलं."



काकूंनी सगळं सांगितलं. थोरले सर गेले, नवे सर येईनात. काका नुकतेच शिकून घरी शेतीला लागले होते. पोरं वाऱ्यावर कशाला सोडायची म्हणून फुकट शिकवायला लागले. मैदानावर इमारतीची वाळू-खडी पडलेली, म्हणून पोरांना सायकलींवर इकडं कुरुंद्याला आणलं, आपल्या हळदीच्या खळ्यावर. तेव्हा हळद घोळून चकाकी आणायचा ड्रम हातानं फिरवावा लागे. त्यानं मनगटं मजबूत होतात म्हणून दिवसा पोरांकडून तो ड्रम फिरवून घ्यायचा आणि ऊन उतरलं की त्याच खळ्यावर कबड्डी.

"पोरं डोक्यापासून पायापतुर पिवळी. औंढ्याला जत्रंत सामने होते, तिथं लोक हासले. म्हनले, नवरदेव आले, हळद लावून आले. पयल्याच सामन्यात हारले. हातच उचलंनात लेकरांचे. अन् कोनीतरी म्हनलं, व्यंकटनं खेळ न्हाई शिकवला, फुकटात सोताची हळद घोळून घेतली." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "तवापासून त्यांला बी तसंच वाटून राहिलंय. आपल्या हळदीपायी लेकरं हारली. त्या मैदानावर आपन कोन्या तोंडानं जायचं."

मला फार वाईट वाटलं. जगाला वाढवून देणाऱ्या या माणसानं स्वतःला मात्र हिशेबातूनच काढून टाकलं होतं. पण हे सगळं मला माहीत झालंय असं म्हणालो असतो, तर काका आठ दिवस घराबाहेर पडले नसते. म्हणून सकाळी मी वेगळंच बोललो. "काका, तुमी नका येऊ. ते लोक चिठ्ठ्या टाकून नाव काढणार हायेत म्हणे."

"चिठ्ठ्या?" काका ताडकन उठले. "कडता न कापता?"

आम्ही वेळेच्या आधीच पोहोचलो.

हॉल भरला होता. पुढच्या खुर्चीवर पठाण सर, पांढरी दाढी, पाय थरथरणारे, नजर मात्र धारदार. मागे जुने खेळाडू, बहुतेकांची पोटं त्यांच्या आधी हॉलमध्ये पोहोचलेली. बाजूला मॅडमच्या मुली रांगेत बसलेल्या. मधोमध निळीहिरवी कोरी मॅट. काकांनी दारातच चपला काढल्या आणि ते तिथंच उभे राहिले. "आत या," सगळे म्हणाले. काका हलले नाहीत. शेवटी माइकची वायर दारापर्यंत ओढून आणली.

पण बोलायला लागले आणि काका एकदम आपल्या बाकावरचे काका झाले. दूध-तूप कापलं, खडे वाढवले, बूट कापले, टीव्ही वाढवला, मॅट कापली, आईबापांचे उंबरे वाढवले. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. शेवटी म्हणाले, "कापून-वाढवून तिघांचं बी वजन बराबर उतरतंय. नाव द्यायचं तर तिघांचं द्या, न्हाईतर भिंत कोरी ठिवा." टाळ्या पडल्या. म्हातारे आणि कमी म्हातारे यांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. काकांनी माइक खाली ठेवला आणि ते चपला शोधू लागले.

तेवढ्यात पठाण सरांनी हात वर केला.

"व्यंकटराव, हिसाब गलत है तुम्हारा. मेरा कडता पूरा नहीं काटा."

"कापलं की सर. बूट..."

"बूट छोडो. मी आलो तवा मला पोरं तयार भेटली. एकाचं मनगट धरलं तर माझाच हात सुटेना. मैंने पूछा, ये किसने सिखाया? बोले, व्यंकटदादानं, हल्दी का ड्रम घुमा घुमा के. त्याच पोरांनी पुढच्या साली चषक आणला, अन् हार मेरे गले में पडा." सरांनी गळ्यापाशी हात नेला. "तयार संघ भेटला मला. ये कौन काटेगा? सांगायला कुरुंद्याला दोन-तीनदा आलो मी. हर बार घर से जवाब मिला, शेतात गेलेत."

काका खाली मान घालून म्हणाले, "शेतात नव्हतो सर. माळ्यावर होतो." आणि मग, कसंबसं, "पन औंढ्याला लेकरं हारली ना माझ्यापायी. हात उचलत नव्हते त्यांचे."

मागच्या रांगेत एक टकलू, ढेरपोट्या गृहस्थ उठून उभा राहिला. त्या मधल्या सालचा खेळाडू. आता नातवंडांचा आजोबा, पण शाळकरी पोरासारखा हात बांधून उभा.

"दादा, एक सांगू का? मारनार न्हाईत ना? आमी ड्रमामुळं न्हाई हारलो. आदल्या राती आमी सातीच्या साती जन जत्रंत तमाशाला गेलतो. उजाडंपतुर. डोळं उघडत नव्हते सकाळी, हात कुठून उचलतील? तुमाला सांगायचं भ्याव वाटलं."

काकांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला.

"अरे गाढवांनो!" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले, की माइक खाली ठेवलेला असूनही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "तमाशाला? अन् मी हिकडं इतकी वर्सं..." आणि ते दारातून जे सुटले ते थेट त्या टकलूच्या रोखानं. टकलू "दादा, दादा" करत मॅटवरून पळाला. काका मागे. गुडघा दुखत होता म्हणे! मॅटच्या मधोमध काकांनी त्याचं मनगट धरलं, खांदा वळवला आणि ते एवढं मोठं धूड हळूच खाली बसवलं. लोकांनी छप्पर उडेल अशा शिट्ट्या मारल्या.

टकलू हसत होता. "सोडा की दादा. पकड तीच हाय तुमची, सुटत न्हाई."

काकांनी सोडलं नाही. तेही त्याच्याशेजारी बसले आणि रडायला लागले. उघड, मोठ्यानं, लहान लेकरासारखे. "मला वाटायचं रे, माझ्या हळदीपायी. रोज वाटायचं," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते. आणि तो टकलू दुसऱ्या हातानं त्यांची पाठ थोपटत होता. माझेही डोळे भरून आले. मी क्रिकेटवाला असलो म्हणून काय झालं.

बऱ्याच वेळानं काका शांत झाले. बसल्या बसल्या त्यांनी तळवा मॅटवरून फिरवला, दोन-तीनदा दाबून पाहिला. "मऊ हाय की," ते स्वतःशीच म्हणाले. मॅडमच्या मुली एव्हाना रांग मोडून भोवती गोळा झाल्या होत्या. एका वेणीवाल्या पोरीनं धीर केला आणि पुढे येऊन आपलं मनगट पुढे केलं.

"सर, ती पकड परत एकदा दाखवा ना."

काकांनी मागे वळून पठाण सरांकडे पाहिलं. सर खुर्चीत टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली आणि बोट काकांकडे केलं.